गोंदियात अक्षरे किती?



धान मोजायला बसण्यापूर्वी काटा तपासून घ्यावा, हा आपल्या बाजारपेठेचा जुना दंडक आहे. काटाच खोटा असेल तर पुढचा हिशेब कितीही सुवाच्य लिहिला तरी त्याचा उपयोग नाही. आजच्या लेखाचा विषय संगणकावरील एक लहानसा शब्दखेळ आहे. तो कसा सुधारला हे सांगताना प्रश्न मात्र काट्याचाच येणार आहे : मराठी शब्दाची लांबी कोणत्या मापाने मोजावी?

शब्द ओळखण्याचा खेळ हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या नवशिक्यांचा ठरलेला धडा आहे. इंग्रजीत त्याला 'हँगमन' म्हणतात. एकाने शब्द मनात धरायचा आणि त्यात जितकी अक्षरे तितक्या रेघा कागदावर मारायच्या. दुसऱ्याने एकेक अक्षर सुचवायचे. बरोबर आले तर ते आपल्या रेघेवर बसते, चुकले तर एक संधी कमी होते. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने दिवाळीच्या सुटीत हा खेळ पायथन या संगणकीय भाषेत लिहिला. इंग्रजी शब्दांवर तो उत्तम चालला. मग चौथीतल्या धाकट्या बहिणीसाठी त्याने शब्दांची यादी तेवढी मराठी केली आणि बाकीचा प्रोग्राम तसाच ठेवला. यादीतला पहिला शब्द होता 'गोंदिया'.

पडद्यावर सात रेघा उमटल्या. नातीने 'ग' दिला, तो बसला. 'द' आणि 'य' बसले. उरलेल्या रेघांवर काय यायचे ते तिला कळेना. शेवटी यंत्राने उत्तर दाखवले तेव्हा त्या जागी सुटी मात्रा, सुटा अनुस्वार, सुटी वेलांटी आणि सुटा काना दिसू लागले. प्रत्येकाशेजारी ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ होते. तिने बोटांवर मोजून पाहिले : गों, दि, या. "दादा, तीनच आहेत ना?" दादा म्हणाला, "कॉम्प्युटर सात म्हणतोय." त्यावर तिने आपली बोटे मिटून घेतली.

मुलीचे मोजणे अचूक होते, तरी यंत्राच्या शब्दापुढे तिने माघार घेतली. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांचे मराठी आधीच दोलायमान असते. त्यांना जेवढे येते तेवढ्यावरचाही विश्वास एखादा खेळ काढून घेणार असेल, तर तो खेळ दुरुस्त करणे हे घरातल्या मोठ्यांचेही काम ठरते. म्हणून आम्ही दोघे, आजोबा आणि नातू, कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम हे सात आले कोठून ते पाहू. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त अंक ठाऊक असतात. प्रत्येक लिपिचिन्हाला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो आणि जगभरच्या लिप्यांच्या अशा क्रमांकांच्या सामाईक नोंदवहीला युनिकोड म्हणतात. देवनागरीच्या मुख्य पानावर १२८ जागा आहेत, क्रमांक २३०४ पासून २४३१ पर्यंत. ही मांडणी परदेशात कोणी नव्याने रचलेली नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये तयार झालेल्या 'इस्की' या आपल्याच प्रमाणावर ती आधारलेली आहे.

या नोंदवहीत व्यंजनाला एक क्रमांक, मात्रेला वेगळा, अनुस्वाराला वेगळा. त्यामुळे 'गोंदिया' संगणकात असा साठवला जातो : २३२७, २३७९, २३०६, २३४२, २३६७, २३५१, २३६६. म्हणजे ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, वेलांटी, य आणि काना. वेलांटी आपण 'द'च्या आधी काढतो, तरी साठवणीत ती 'द'च्या नंतर येते, कारण तेथे उच्चाराचा क्रम पाळलेला असतो. पायथनला लांबी विचारली की तो हे क्रमांक मोजून सात सांगतो. त्याने खोटे सांगितलेले नसते. पोत्यांची संख्या विचारायची होती आणि आपण दाण्यांची विचारली, एवढाच प्रकार आहे.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित शिकवले, असे आपली परंपरा सांगते. संगणकात या दोन्ही बहिणी एकाच घरात नांदतात. अक्षर दारातून आत जाते आणि अंक होऊन बसते; बाहेर येताना त्याचे पुन्हा अक्षर व्हावे लागते. ही परतीची वाट नीट बांधणे, हीच आमच्या खेळातली पहिली सुधारणा होती.

त्यासाठी तीन नियम पुरले. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग ही चिन्हे आधीच्या अक्षराला चिकटतात. हलन्ताचे चिन्ह, म्हणजे पाय मोडण्याची खूण, हेही आधीच्या अक्षराला चिकटते आणि पुढे व्यंजन आले तर त्यालाही ओढून घेते. याखेरीज जे काही येईल त्याने नवे अक्षर सुरू होते. नातवाने हे तीन नियम पंधरा-वीस ओळींत लिहिले. पडताळ्यासाठी आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावे घेतली. गोंदिया, गोरेगाव, सालेकसा आणि अर्जुनी ही चारही नावे जुन्या प्रोग्रामच्या लेखी सात-सात लांबीची, एकसारखी होती. नव्या मापाने गोंदिया तीन, गोरेगाव चार, सालेकसा चार आणि अर्जुनी तीन. तिरोडा सहावरून तीनवर आला, देवरी पाचवरून तीनवर, आमगाव पाचवरून चारवर.

जोडाक्षरांत ही तफावत फार वाढते. 'क्षमा' हा आपल्या पर्युषणातला शब्द यंत्राला पाच चिन्हांचा वाटतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना आपण वर्णमालेत स्वतंत्र स्थान देतो. युनिकोडात मात्र त्यांना स्वतःचा क्रमांक नाही, ते क-हलन्त-ष आणि ज-हलन्त-ञ असे जुळवूनच लिहावे लागतात. 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. यंत्राच्या नोंदीत अकरा चिन्हे आणि आपल्या वाचनात तीन अक्षरे : स्वा, तं, त्र्य. मजकुराचे अक्षरवार तुकडे पाडण्याचे युनिकोडचे स्वतःचे नियम आहेत, पण त्या सर्वसाधारण नियमांतही जोडाक्षर हलन्ताशी तुटत असे आणि याच शब्दाचे सहा तुकडे होत. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये, पंधराव्या आवृत्तीच्या पुरवणीत आला. जुन्या सोयींवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी सुधारणा अधिक नाजूक होती. दिसायला एकच, पण साठवणीत वेगळे, असे काही शब्द मराठीत आहेत. माझ्या पेशाचाच शब्द पाहा. कोणी 'बँक' हा शब्द ब आणि चंद्रबिंदू असा टाइप करतो, कोणी ब, अर्धचंद्र आणि वर अनुस्वार असा. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. साठवणीत एकाचे तीन क्रमांक होतात, दुसऱ्याचे चार. यंत्र या दोहोंना भिन्न शब्द समजते आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणते. 'ॲ' हे अक्षरही दोन रीतींनी येते, एकसंध किंवा अ वर अर्धचंद्र देऊन. यावर उपाय एकच : शब्द तुलनेला घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे रूप एका ठरलेल्या साच्यात आणावे. त्यासाठी पर्यायी रूपांची एक छोटी तक्ती प्रोग्राममध्ये ठेवली.

हे केवळ खेळापुरते नाही. दुकानाच्या संगणकात एकाच पक्षकाराचे नाव दोघांनी दोन रीतींनी टाइप केले, तर यंत्राच्या लेखी ती दोन खाती होतात. शोध घेतला की एक सापडते, दुसरे दडून राहते. ज्यांचे हिशेब मराठीत चालतात त्यांनी नावे टाइप करण्याची एकच रीत घरात ठरवून घ्यावी. नातवाच्या खेळातून मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी धडा आहे.

या साफसफाईत एक सापळाही आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' लिहिण्याच्या एका रीतीत हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते; दुसऱ्या रीतीत नुक्त्याचा ऱ वापरतात. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा समजून नातवाने ती सरसकट काढून टाकली, आणि आमच्या यादीतल्या दऱ्यांचा एका क्षणात दर्या झाला. म्हणून आधी त्या चिन्हाचे रूपांतर नुक्त्याच्या ऱ मध्ये करायचे आणि मगच उरलेली चिन्हे काढायची, हा क्रम ठरवावा लागला.

माप नीट बसल्यावर आम्ही खेळाचा प्रकारच बदलला. एकेक अक्षर सुचवण्याऐवजी आता पूर्ण शब्द द्यायचा आणि यंत्राने प्रत्येक अक्षरावर खूण करायची. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवी, शब्दात आहे पण जागा वेगळी असेल तर पिवळी. येथे जमाखर्चाचा एक साधा नियम उपयोगी पडला. समजा, उत्तर आहे 'कमळ' आणि मुलाने दिला 'कणिक'. पहिला क जागेवर आहे, त्याला हिरवी खूण. शेवटचा क मात्र पिवळा होता कामा नये, कारण उत्तरात क एकच आहे आणि तो आधीच वळता झालेला आहे. घाईत लिहिलेला प्रोग्राम तेथेही पिवळी खूण देतो आणि मूल दुसऱ्या क च्या शोधात संधी गमावते. एकच जमा रक्कम दोन बिलांपोटी दाखवता येत नाही, हे आपल्या घरातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आधी सर्व हिरव्या खुणा करून ती अक्षरे शिलकेतून वजा करायची, आणि मग उरलेल्या शिलकेवर पिवळ्या खुणा द्यायच्या.

मराठीसाठी आम्ही तिसरी, निळी खूणही घेतली. उत्तर आहे 'तिरोडा' आणि दिला 'तराजू'. येथे एकही अक्षर तंतोतंत जुळत नाही. पण पहिल्या जागी त आहे, दुसऱ्या जागी र आहे, फरक स्वराचा आहे. इंग्रजी रीतीने पाहिले तर तिन्ही घरे कोरी राहतील आणि मूल निराश होईल. निळी खूण सांगते : व्यंजन बरोबर, स्वर बदला. मग मूल त, ता, ति, ती अशी बाराखडी मनात म्हणू लागते. बाराखडी पाठ करण्याचा कंटाळा करणारी नात ती आता स्वतःहून म्हणते.

यानंतर प्रश्न आला की शब्द कोणते घ्यावेत. या बाबतीत एक उदाहरण बोधप्रद आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात जॉश वॉर्डल या प्रोग्रामरने 'वर्डल' हा शब्दखेळ लोकांसाठी खुला केला. तो त्याने आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी छंद म्हणून लिहिला होता. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार निघतात, पण त्यातले पुष्कळसे कोणाला ठाऊकही नसतात. पलकने ते एकेक करून चाळले आणि ओळखीचे असे सुमारे अडीच हजार शब्द राखले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ ९० जण खेळले. पुढच्या दोन महिन्यांत ही संख्या तीन लाखांवर गेली. ३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतल्याचे जाहीर झाले. प्रोग्राम हुशारीचा होताच, पण लोकांना तो आपला वाटला यात त्या चाळणीचा वाटा मोठा आहे. आणखी एक गोष्ट आपण घेण्यासारखी : दिवसाला एकच शब्द. खेळ दोन-चार मिनिटांत संपतो आणि मूल मोबाइल खाली ठेवते.

आमच्या यादीसाठी शब्दकोश उघडण्याऐवजी मी दुकानदार मित्रांना विचारले. बाजारात रोज कानावर पडणारे आणि मुलांना मात्र अनोळखी झालेले शब्द त्यांनी भराभर सांगितले : अडत, कडता, तोलाई, हमाली, दलाली, उधारी, पावती ही तीन अक्षरी, बारदाना, खतावणी, रोजमेळ ही चार अक्षरी. वह्या जाऊन संगणक आले तेव्हा हिशेब सोपे झाले, पण हे शब्दही वह्यांबरोबर कपाटात गेले. ज्या घरात तीन पिढ्या खतावणी लिहिली गेली, त्या घरातल्या मुलाला खतावणी म्हणजे काय ते ठाऊक नसावे, हे मनाला लागते. आता शब्द ओळखला की त्याखाली एका वाक्यात अर्थ येतो. बारदाना म्हणजे माल भरण्याची रिकामी पोती. कडता म्हणजे ओलावा वा कचऱ्यापोटी वजनात धरलेली घट. यांच्या जोडीला सारस, तेंदू, नागझिरा असे आपल्या जिल्ह्याचे शब्दही घातले.

एक बदल घरातल्या स्त्रियांनी सुचवला. मूळ खेळात प्रत्येक चुकीला फासावर लटकणाऱ्या माणसाचा एकेक अवयव काढला जातो. लहान मुलांपुढे, आणि आपल्या घरात, हे चित्र नको, असे सर्वांचे मत पडले. नातवाने फास काढून तेथे धानाच्या सहा पोत्यांचे गोदाम रंगवले. चुकले की एक पोते कमी होते. सहाही गेली की 'माल संपला' अशी पाटी येते. मुले हसतात आणि पुन्हा खेळतात.

शेवटची गोष्ट तपासणीची. एक दुरुस्ती केली की दुसरीकडे काही बिघडते, हा अनुभव प्रत्येक प्रोग्रामरला येतो. म्हणून एका वहीत वीस शब्द लिहिले आणि पुढे दोन रकाने आखले : हाताने मोजलेली अक्षरे आणि यंत्राने मोजलेली. 'स्वातंत्र्य', 'दऱ्या', 'बँक' आणि शेवटी पाय मोडलेला 'अर्थात्' असे अडचणीचे शब्द त्यात मुद्दाम घेतले. प्रत्येक बदलानंतर दोन्ही रकान्यांचा मेळ बसल्याखेरीज काम पुढे न्यायचे नाही, असा नियम केला. दिवसअखेरीस रोकड जुळल्याशिवाय बँकेचा दरवाजा बंद होत नसे, त्यातलाच हा प्रकार. यातला डावा रकाना भरण्याचे काम नातीकडे आहे. यंत्राचा आकडा तिच्या आकड्याशी जुळला नाही, तर दुरुस्ती यंत्रात होते.

ज्या घरात प्रोग्रामिंग शिकणारे मूल आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. परीक्षेचा धडा म्हणून लिहिलेला असा एखादा खेळ त्याच्याकडे असेलच. त्याला तो मराठीत करायला सांगा आणि शब्दांची यादी आपण द्या. आजी-आजोबांना विचारून दुकानाचे, शेताचे, स्वयंपाकघराचे शंभर शब्द एका कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे अर्थ लिहा. शंभर शब्दांना दोन संध्याकाळी पुरतात. त्या दोन संध्याकाळी तीन पिढ्या एका सतरंजीवर बसतील, आणि मोजायला सुरुवात बोटांवर होईल.